गुडघ्याच्या पुढचा समुद्र

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनारपट्टीच्या गावांमधल्या बायकांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ आहे तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला आज 'परदेशातील शिक्षणाचे अनुभव' असा विषय दिलेला आहे. असा विषय दिला की बोलणारी बाई विद्यापीठाबद्दल, थंडीबद्दल, तिथल्या शिस्तीबद्दल बोलते आणि ऐकणाऱ्या बायका जेवणाची वाट बघतात. म्हणून मी तसलं काही सांगणार नाही. मी एकाच दिवसाची गोष्ट सांगणार आहे. त्या दिवशी मी एक खोटं बोलले, आणि त्या खोट्यापायी दुसऱ्या एका मुलीचा जीव धोक्यात घातला. हे मी आजवर कुठे सांगितलेलं नाही. आई समोर बसली आहे, तिलाही हे आजच कळतंय.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते. आम्ही गाबीत. बाबा रापणीला जायचे, आई टोपली घेऊन मासे विकायला. घराच्या पडवीतून समुद्र दिसतो. ओहोटी लागली की आजीबरोबर मी खडपात कालवं काढायला जायचे. शेवाळावर पाय कसा टाकायचा, कुठला खडक हलतो, पाणी कधी फिरतं आणि फिरलं की किती वेळात वाट बुडते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण पाणी गुडघ्याला लागलं की मागून आजीची हाक यायचीच, "चेडवा, फुडे जाव नको गो!"

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला काकाने पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं. आठ दिवसांत तो पोहायला लागला. मी काठावर त्याचे कपडे धरून उभी होते. मला डबा का नाही, असं मी विचारलं असेन किंवा नसेन, आठवत नाही. बहुतेक विचारलं नसावं. विचारावं असं वाटूच नये, इतकं ते सरळ होतं. पुढे पाळी सुरू झाल्यावर त्यात भर पडली: त्या दिवसांत होडीला हात लावायचा नाही, जाळं ओलांडायचं नाही. म्हणजे गुडघ्यापर्यंतचा समुद्र बायकांचा आणि त्याच्या पुढचा पुरुषांचा, अशी वाटणी. सातबाऱ्यावर कुणी लिहिलेली नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही.

तर अशी मी २०२२ साली शिष्यवृत्तीवर वेल्समध्ये स्वान्झी या गावी सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. वेल्स हा ब्रिटनचा पश्चिमेकडचा भाग. त्यांची भाषा वेगळी, आणि त्या भाषेचा अभिमानही आपल्यासारखाच. स्वान्झीला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतलं अंतर आठ-नऊ मीटरपर्यंत जातं. आपल्याकडे ते दोन-तीन मीटर. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की तो पळून गेला की काय असं वाटावं. तिथल्या बाजारात एका ठेल्यावर मला आपल्या तिसऱ्यांसारख्याच शिंपल्या दिसल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की जवळच्या पेनक्लॉड गावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गाढवं घेऊन ओहोटीला वाळूत उतरायच्या, शिंपल्या वेचायच्या, उकडायच्या आणि बाजारात आणून विकायच्या. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथेही वाळू आणि चिखल बायकांचा, हे लक्षात यायला मात्र थोडा वेळ लागला.

२०२३ च्या जूनमध्ये, परीक्षा संपल्यावर, परदेशी विद्यार्थ्यांची एक सहल निघाली. पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावर दोन दिवस. त्यात 'कोस्टीअरिंग' नावाचा साहसी खेळ होता. म्हणजे समुद्राच्या कड्याला धरून पुढे पुढे जायचं; जमेल तिथे खडकावरून चढत, खडक संपला की पाण्यात उतरून पोहत, मधेच एखाद्या उंचवट्यावरून उडी मारत. १९८०च्या दशकात हा खेळ त्याच भागात रुजला. आता तिथल्या लोकांना त्यातून रोजगार मिळतो.

सहलीचा एक फॉर्म होता. 'पोहता येतं का?' त्याखाली तीन चौकोन: चांगलं, थोडं, नाही. न येणाऱ्यांनाही नेत होते. त्यांच्यासाठी वेगळा, सोपा गट होता. मी पेन हातात धरून बसले. माझ्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं की मी समुद्रकाठची, मासेमाराची मुलगी. मीच ते मिरवलं होतं. गाबताची पोर आणि पोहता येत नाही, हे मला लिहवेना. मी 'थोडं' वर खूण केली.

मैत्रिणींनो, 'थोडं' हा शब्द आपण बायका फार वापरतो. थोडं दुखतंय, थोडं मारलं, थोडं कर्ज आहे. खरं सांगायची लाज आणि खोटं बोलायचं भय, यांच्या मधला तो शब्द आहे.

आगगाडी हॅवरफर्डवेस्टपर्यंत जाते. पुढे सेंट डेव्हिड्सपर्यंत सोळा मैल बस. सोळा मैल आणि सतरा टेकड्या, असं तिथले लोक म्हणतात. सेंट डेव्हिड्स हे ब्रिटनमधलं सर्वांत लहान शहर. वस्ती दोन हजारांच्या आत, पण मोठं कॅथीड्रल असल्यामुळे १९९४ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. समोर रॅमझी नावाचं बेट. बेट आणि किनारा यांच्या मधून भरतीचं पाणी नदीच्या पुरासारखं धावतं, आणि मधे खडकांची एक रांग आहे. १९१० साली दुसऱ्या जहाजावरच्या खलाशांना वाचवायला गेलेली गावची तारणनौका त्याच खडकांवर फुटली आणि तिच्यावरची तीन माणसं गेली. त्या खडकांचं नाव काय, सांगू? 'द बिचेस'. म्हणजे 'कुत्र्या'. बाईला द्यायची शिवी खडकाला दिलेली! होड्या हाकणारे पुरुष, बुडणारे पुरुष, आणि बुडवणाऱ्या तेवढ्या बायका. तुम्ही हसताय, आम्हीही बसमध्ये हसलो. माझ्या शेजारी नायजेरियाची एक मुलगी होती. ती म्हणाली, "आमच्याकडेही नावं ठेवणारे हेच असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबेरैडी नावाच्या खाडीवर गेलो. तिथे शाळेच्या पाटीचा दगड निघायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाण बंद पडली. मग समुद्राकडची बाजू फोडून पाणी आत घेतलं. आता तिथे निळ्या-हिरव्या पाण्याचं मोठं कुंड आहे, पंचवीस मीटरच्या आसपास खोल.

कपडे बदलायला बायकांसाठी एक व्हॅन होती. अंगाला घट्ट बसणारा जाड रबरी पोशाख, वर तरंगतं ठेवणारं जाकीट, डोक्याला हेल्मेट. तो रबरी पोशाख चढवताना सगळ्यांचीच फजिती होते. पोट, मांड्या, दंड, जे जे आपण आयुष्यभर झाकलेलं ते सगळं कोंबावं लागतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. त्यातच माझी पाळी आलेली. आमच्या गटाची शिकवणारी बाई पन्नाशीची, उन्हाने रापलेली, आपल्या कुठल्याही मावशीसारखी. तिला मी हळूच विचारलं, चालेल का? तिला आधी माझा प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "मलाही वीस-पंचवीस वर्षं दर महिन्याला यायची की!" एवढंच. होडीला हात लावू नको म्हणून मी दर महिन्याला चार दिवस बाजूला बसले होते, आणि ही बाई त्याच चार दिवसांत समुद्रात उतरून पोट भरत होती. समुद्राचं काही बिघडलं नव्हतं.

पहिला अर्धा तास मी सगळ्यांच्या पुढे होते. खडक, शेवाळ, कड्याला चिकटलेले धारदार शिंपले. हे तर माझ्या आजीचं अंगण. जर्मन, चिनी, अमेरिकन मुलं घसरत होती आणि मी त्यांना सांगत होते, काळ्या ओल्या भागावर पाय नको, शिंपल्यांवर टाका, पकड मिळते. शिकवणारी बाई म्हणाली, "तू हे आधी केलं आहेस." माझी छाती फुगली. माझ्या आजीला साहसी खेळाडू कुणी म्हटलं नाही. ती नऊवारीत, हातात कोयती घेऊन, सत्तराव्या वर्षापर्यंत हेच करत होती.

मग खडक संपला. पुढे पाण्याची एक चिंचोळी घळ, पलीकडे पुन्हा खडक. अंतर असेल पंधरा-वीस हात. एकेकाने उडी मारून पलीकडे जायचं होतं. उडी तरी कसली, पुरुषभर उंचीवरून. माझ्या पुढे ती नायजेरियन मुलगी होती. तिने उडी मारली, ती निघाली. मी मागोमाग मारली.

जूनमध्ये तिथलं पाणी तेरा-चौदा अंश असतं. आपलं पाणी अठ्ठावीस-एकोणतीस. त्या गारठ्याने छातीवर बुक्की बसल्यासारखा श्वास आत ओढला जातो. तोंड पाण्यात असेल तर पाणीच आत जातं. माझं तसंच झालं. अंगात जाकीट होतं, मी बुडणार नव्हते. पण हे डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही. पायाखाली काही नाही, हे मला जन्मात पहिल्यांदा कळलं. मी हातपाय मारले, समोर जे आलं ते धरलं. समोर त्या मुलीची मान होती.

मी तिच्यावर चढले. अक्षरशः चढले. तिचं डोकं पाण्याखाली गेलं. ती मला ढकलत होती आणि मी तिला आणखी घट्ट धरत होते. एवढ्यात लाटेने आम्हा दोघींना खडकाकडे रेटलं. किती वेळ गेला असेल? बाई नंतर म्हणाली, दहा सेकंद. तिने मागून येऊन माझं जाकीट खेचलं, मला उताणं केलं आणि कानाशी म्हणाली, "आकाशाकडे बघ. काही करू नकोस. नुसता श्वास सोड." मी श्वास सोडला, आणि पाण्याने मला धरून ठेवलं.

खडकावर आल्यावर ती मुलगी खोकत होती, तिच्या हनुवटीला खरचटलं होतं. मी थरथरत होते. बाईने विचारलं, "तुला पोहता येतं का?" मी म्हटलं, "नाही." "अजिबात?" "अजिबात नाही." ती रागावली, आणि तिने रागवायलाच हवं होतं. ती म्हणाली, "येत नाही म्हणणाऱ्यांची मला भीती नसते. मी त्यांच्याजवळ राहते. तू मला तुझ्यापासून लांब ठेवलंस." मी त्या मुलीची माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत येत नव्हतं. आमच्या गावात मुलीला कोण शिकवणार?"

हे वाक्य ऐकलं आणि मला एक आकडा आठवला. आमच्या अभ्यासक्रमात तो मी वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता, पण तो माझ्याबद्दल आहे हे मला त्या खडकावर बसेपर्यंत कळलं नव्हतं. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने मार्च २००५मध्ये एक टिपण काढलं. त्यात तामिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्याचा आकडा आहे: मेलेल्या बायका ३९१, पुरुष १४६. इंडोनेशियात आचे भागातल्या ज्या गावांची पाहणी केली, तिथेही वाचलेल्यांत पुरुष कितीतरी जास्त. का? समुद्र बायकांवर जास्त चिडला होता का? रविवारची सकाळ होती. तामिळनाडूत पुरुष होड्यांवर होते. खोल पाण्यात लाट होडीखालून निघून जाते. बायका होड्या परतण्याची वाट बघत किनाऱ्यावर उभ्या होत्या, किंवा घरात मुलांपाशी. त्यांच्या कडेवर पोरं, अंगावर साड्या. आणि पोहणं, झाडावर चढणं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

म्हणजे आजीची ती हाक, 'फुडे जाव नको', मायेची होती, पण त्या मायेने आम्हाला वाचवलं नाही. नुसतं अडवलं. समुद्र तुमच्या घरी आला तर काय करायचं, याचं उत्तर त्या हाकेत नव्हतं.

त्या दुपारी सगळे त्या निळ्या कुंडाकडे उंचावरून उड्या मारायला गेले. तुम्हाला वाटेल, शेवटी मीही हिंमत करून उडी मारली असेल. नाही मारली. बाईने मला विचारलं, "तुला काय करायचं आहे?" मी म्हटलं, "मघाशी झालं ते पुन्हा करायचंय. नुसतं पडून राहायचं." मग आम्ही दोघी कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि तिने मला अर्धा तास तेवढंच शिकवलं. तिथे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन नावाची १८२४ सालची जुनी संस्था आहे. तिच्या तारणनौकांवर बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात. ती संस्था लोकांना जे सांगते तेच हे, आणि ते तुम्हीही आज घेऊन जा. अचानक पाण्यात पडलात तर लगेच पोहायला जाऊ नका. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या. हात हळूहळू हलवा. पाय खाली गेले तरी जाऊ द्या. श्वास ताब्यात येईपर्यंत, म्हणजे मिनीट-दीड मिनीट, तरंगत राहा. मग हाक मारा, मग हातपाय मारा.

संध्याकाळी मी त्या मुलीबरोबर सेंट नॉनच्या विहिरीवर गेले. ज्या संत डेव्हिडच्या नावाने ते गाव आणि ते कॅथीड्रल आहे, त्याची आई नॉन. अकराव्या शतकात लिहिलेल्या डेव्हिडच्या चरित्रातच म्हटलं आहे की एका राजाने तिच्यावर जबरदस्ती केली, त्यातून तिला दिवस गेले. बाळंतपणाच्या वेळी मोठं वादळ होतं, आणि वेदनेने तिने ज्या दगडाला हात टेकले त्यावर तिच्या हातांचे ठसे उमटले, अशी दंतकथा आहे. मुलाचं कॅथीड्रल झालं. आईचं समुद्रकाठच्या शेतात एक पडकं देऊळ आणि एक विहीर. आम्ही दोघींनी त्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलं. ती म्हणाली, "आज पाणी पुष्कळ प्यायलो आपण." तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मला सुटल्यासारखं झालं.

पुढचे तीन महिने मी स्वान्झीच्या तलावावर जाऊन शिकले. प्रबंध लिहायचा, आठवड्याला ठरलेले तास दुकानात काम करायचं आणि सकाळी सात वाजता पाण्यात. माझ्याबरोबर सहा-सहा वर्षांची मुलं असायची. निघताना मला पंचवीस मीटर पोहता येत होतं. फार नाही, पण आता 'थोडं' म्हटलं तर ते खरं असेल.

आता तुम्ही म्हणाल, तुझं ठीक आहे बाई, तुला शिष्यवृत्ती होती, तलाव होता, व्हॅन होती. बरोबर आहे. म्हणूनच गावी आल्यावर काय केलं ते सांगते. २०२४च्या पावसाळ्यानंतर आम्ही सात जणी खाडीत उतरायला लागलो. छातीच्या वर पाणी नाही अशी जागा, आणि भरती भरून पाणी थांबतं तो अर्धा तास. बाबा दोर धरून उभे राहतात. पर्यटकांच्या बोटीवरची चार जुनी लाइफ जाकिटं मागून आणली. ओढणी काढून ठेवायची, सलवार आणि आखूड कुडता.

अडचणी आल्या. 'आता एवढंच राहिलं होतं' हे ऐकलं. पुलावरून पोरं मोबाईलवर चित्रण करायला लागली. पोलिसांत जायचं का, यावर आमच्यात भांडण झालं. शेवटी आम्ही ओल्या कपड्यांनिशी त्या पोरांच्या घरी गेलो, त्यांच्या आयांना भेटलो. दोन पोरांनी समोर चित्रण पुसलं. त्यातली एक आई पुढच्या रविवारी आमच्यात आली. आणि ज्या आल्या नाहीत त्या सगळ्याच भीतीने आल्या नाहीत, असं नाही. मासळीचा लिलाव, पाणी भरणं, स्वयंपाक, नातवंडं, यातून अर्धा तास निघत नाही. भीतीवर उपाय सापडला, वेळेवर अजून सापडलेला नाही. तो आपण सगळ्यांनी मिळून शोधायचा आहे. ग्रामपंचायतीकडे आपली मागणी हवी की शाळेतल्या मुलींना पोहणं शिकवा. जिथे तलाव आहे तिथे बायकांसाठी वेगळे तास आणि बाई शिक्षिका ठेवा.

आणखी एक. पोहता येत नसेल तर बुडणाऱ्याच्या मागे उडी मारू नका. मी त्या मुलीचं काय केलं ते ऐकलंत. काहीतरी फेका. २०२०च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात, कोट्टराई धरणावर काही तरुण बुडत होते. तिथे असलेल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. लोक काय म्हणतील, याचा विचार करत त्या थांबल्या असत्या तर ते दोघेही गेले असते. साडी बुडवते तशी तारतेही. ती कशी वापरायची ते आपण ठरवायचं.

माझी आई चोपन्न वर्षांची आहे. ती पोहत नाही. पण गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा पाण्यावर पाठ टेकून राहिली. मी मानेखाली हात धरला होता, मग काढून घेतला. तिला सांगितलं नाही. तिने वीस आकडे मोजले आणि मग विचारलं, "हात आसा मा गो?" मी म्हटलं, "नाही." तर ती घाबरून उभी राहिली आणि मला एक फटका दिला. आज तिने माझी गोष्ट ऐकली आहे, आणखी एक फटका मिळेल.

आज भरती चार वाजता भरते. जेवण झालं की लगेच नको, पण साडेतीनला ज्यांना यायचं असेल त्यांनी खाडीवर या. जुनी सलवार चालेल. वहीत नाव लिहा आणि पुढे 'पोहता येतं का' असा रकाना आहे, तिथे खरं काय ते लिहा. 'नाही' लिहिलंत तर मी तुमच्याजवळ राहीन.